फेरिस्तीबाहेरची मुंबई

मोठ्या शहरांना पाहुण्यांचा फार उपद्रव होत असला पाहिजे. आणि त्या उपद्रवापासून आपला बचाव व्हावा म्हणूनच प्रत्येक मोठ्या शहराने सात-आठ स्थळे एका बाजूस काढून, त्यांची रंगरंगोटी करून, त्यांच्यासमोर भेळेच्या गाड्या, फुगेवाले आणि उभ्या उभ्या छायाचित्र काढून देणारे इसम नेमून, 'आलात तसे हे पाहा आणि सुखरूप परत जा' अशी कायमची तजवीज करून ठेवली असावी, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. शहराचा खरा प्रपंच ज्या गोदामांतून, गल्लीबोळांतून आणि कचेऱ्यांतून चाललेला असतो, तेथवर पाहुण्यांची पावले पोहोचू नयेत, हा या तजविजीचा अंतस्थ हेतू. आणि तो आजवर निर्विघ्नपणे सिद्धीस गेला याचे श्रेय शहराच्या चातुर्यापेक्षा पाहुण्यांच्या आळसालाच अधिक दिले पाहिजे.

कारण पाहुण्याला शहर पाहावयाचे नसतेच. त्याला ते पाहिल्याचा दाखला हवा असतो. आमच्या घाटंजीतील मनुष्य मुंबईहून परत आला म्हणजे बसस्थानकापासून त्याच्या घराच्या ओट्यापर्यंत त्याचा जो जबाब नोंदवला जातो, त्यातील प्रश्न गेल्या तीन पिढ्यांत बदललेले नाहीत. "समुद्र पाह्यला का?" "राणीचा बाग?" "म्हातारीचा बूट?" या तिन्हींना "हाव" असे उत्तर मिळाले की विचारणारा समाधानाने मान हलवतो आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. समुद्र कसा होता, बागेत राणी होती काय, आणि ज्या म्हातारीचा तो बूट, तिने दुसऱ्या पायात काय घातले, याची चौकशी आजतागायत कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी स्वतः तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला मनुष्य. उभी हयात दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेल्यामुळे, मौका-चौकशी केल्यावाचून कोणत्याही मजकुरावर विश्वास ठेवू नये, अशी एक खोड मला जडली आहे. आणि सेवानिवृत्तीनंतर मनुष्याची खुर्ची जाते, टेबल जाते, चहा आणून देणारा शिपाई जातो, परंतु खोड तेवढी निवृत्तिवेतनासारखी मरेपर्यंत चालू राहते. तेव्हा मुंबई पाहण्याचा योग आला, त्या वेळी ती दाखल्यापुरती पाहावयाची नाही, असा मनाशी ठराव करूनच मी निघालो.

येथे घाटंजी आणि मुंबई यांच्या परस्परसंबंधाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण असा काही संबंध असेल ही शंकाच मुंबईत कोणाला येत नाही. घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील वाघाडी नदीकाठचे तालुक्याचे गाव. मूर्तिजापूरहून निघणारी अरुंद रुळांची 'शकुंतला', जी १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती (धावत होती हे म्हणण्यापुरते), ती यवतमाळला येऊन थांबत असे. तेथून पुढे आमच्यापर्यंत येण्याची उमेद तिला कधी झाली नाही. त्यामुळे आम्हांला मुंबई गाठावयाची तर एसटीने यवतमाळ, यवतमाळहून धामणगाव आणि धामणगावला विदर्भ एक्स्प्रेस, अशी तीन दप्तरांतून फिरणारी फाईल व्हावे लागते. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती आणि मुंबई हा परमुलूख होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमची द्विभाषिक मुंबई राज्यात बदली झाली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आम्हांला कायम करण्यात आले. बदली विनंतीवरून झाली की प्रशासकीय कारणास्तव, यावर आमच्याकडे अजून दोन मते आहेत.

परंतु आम्ही पोहोचण्याच्या कितीतरी आधी आमचा कापूस मुंबईस रुजू झालेला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि विलायतेतील गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस बंद पडला, तेव्हा मँचेस्टरच्या मालकांना एकाएकी हिंदुस्थानातील काळ्या जमिनीची आठवण झाली. वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणू लागले. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत आली. आणि पुढे 'शकुंतले'चे रूळ पडले तेही माणसांच्या सोयीकरिता नव्हे, तर कापसाच्या गाठी मोठ्या लायनीपर्यंत नेऊन घालण्याकरिता. माणसे तिच्यात बसत, ती गाठींच्या कृपेने. थोडक्यात सांगावयाचे तर, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुली ज्या एका घरी देत आलो, त्या घराचा उंबरा आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही, अशी आमची मुंबईच्या बाबतीत अवस्था होती. गेटवे ऑफ इंडियाखालून आमच्याकडचे कोणी आले नाही की गेले नाही. कापूस मात्र दरसाल गेला. तेव्हा तो जातो कोठे आणि त्याचे तेथे होते काय, ही चौकशी करावी, असा माझा इरादा होता. निघताना शेतातल्या फरदडीची चार बोंडे कागदात गुंडाळून मी पिशवीत टाकली. परक्या मुलखात जाताना जवळ ओळखीचा काही पुरावा असावा.

पुतण्या डोंबिवलीस राहतो आणि लोअर परळला नोकरी करतो. पत्नीच्या सहवासाने आणि लोकलच्या शिस्तीने त्याची भाषा आता पुष्कळ स्वच्छ झाली आहे. चिडला म्हणजे मात्र घाटंजी वर येते. मी पोहोचलो त्या संध्याकाळीच त्याने माझ्यासमोर भ्रमणध्वनीवर तयार केलेली स्थळांची एक फेरिस्त धरली.

"काकाजी, उद्या गेटवे, ताज आणि मरीन ड्राइव्ह. परवा सिद्धिविनायक, हाजी अली, सी लिंक. रविवारी राणीचा बाग, पेंग्विन. गाडी सांगून ठेवली आहे."

"कॉटन ग्रीन कोन्त्या दिवशी हाये?"

"कॉटन ग्रीन?"

"हार्बरवर ठेसन हाये म्हन्तात त्या नावाचं."

"स्टेशन आहे हो. पण तिथं आहे काय?"

"तेच पाहाचं हाये."

"काहून पण?" पुतण्याच्या तोंडून निघून गेले, आणि सूनबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवताना त्याच्याकडे पाहिले.

सूनबाई सावंतवाडीकडच्या, स्वभावाने मध्यस्थ. "काकांना गर्दी आवडत नसेल," असा त्यांनी निवाडा दिला, आणि एखाद्या आजाऱ्याच्या पथ्याविषयी बोलावे अशा हळुवार आवाजात त्या म्हणाल्या, "आपण हवं तर एलिफंटाला जाऊ या."

मुंबईकराला आपल्या शहराची जी माहिती असते, तिचा विस्तार दोन स्थानकांच्या मधल्या रुळांएवढा असतो, हे मला त्या घरी राहून कळले. कोणत्या स्थानकावर फलाट डाव्या हाताला येतो, कोणत्या डब्यातून उतरले की नेमका जिना समोर लागतो, कोणत्या गाडीला कोठवर उभे राहावे लागते, या विषयात पुतण्याचे ज्ञान निःसंशय अगाध आहे. पण त्या जिन्याने वर जाऊन डावीकडे न वळता उजवीकडे वळले तर काय लागते, असे विचारले तर त्याच्या चेहऱ्यावर भीतीची छटा उमटते. उजवीकडे त्याची कचेरी नाही. ज्या बाजूला आपली कचेरी नाही, त्या बाजूला मुंबई नाही, असे मानून येथील लक्षावधी माणसे सुखाने जन्म काढतात; आणि त्यांना हसण्याचा अधिकार मला तरी नाही, कारण घाटंजीत चाळीस वर्षे राहून बाजार समितीच्या मागच्या बाजूला कधी न गेलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बरची गाडी सुटते ती मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड अशी बंदराच्या कडेकडेने जाते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी याच मार्गाने कुर्ल्यापर्यंत धावली. परंतु डब्यात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि ते किंचित सरकून बसले. अनोळखी मनुष्य ऐतिहासिक माहिती देऊ लागला तर त्याचा पुढील हेतू चांगला नसतो, असा मुंबईचा अनुभव असावा.

कॉटन ग्रीनला उतरलो. स्थानकाबाहेर मालमोटारींची रांग, धूळ, बंदराच्या मालकीची बैठी गोदामे, आणि त्या साऱ्यावर देखरेख करणारी हिरव्या रंगाची, जुन्या ऐटीची कापूस बाजाराची इमारत. पुढे पाऊल टाकण्यापूर्वी स्थानिक जबाब घ्यावा म्हणून मी एका चहावाल्याला विचारले, "इथी कापूस कुठी भेटन, भाऊ?"

"पुलाच्या पलीकडे मेडिकल आहे," तो दुधाचे पातेले हलवीत म्हणाला. "छोटं बंडल पाहिजे की मोठं? लागलंय का कुठं?"

लागले होते, पण ते बंडलाने बरे होण्यासारखे नव्हते. मुंबईतला कापूस बाजार पूर्वी सेंट थॉमस कॅथीड्रलसमोरच्या मैदानावर भरे. १८४४ मध्ये तो कुलाब्यास नेला, आणि १९२० च्या दशकात तेथूनही उठवून माझगाव-शिवडीच्या नव्या भरावावर आणला. कारकुनाला हा सेवापट वाचावयास वेळ लागत नाही. पहिली नेमणूक साहेबाच्या दारात, दुसरी शहराच्या टोकाला, तिसरी चिखलात; आणि शेवटी मनुष्य निवृत्त झाला तरी त्याच्या नावाची पाटी काढावयास कोणी येत नाही. गाड्या अजून त्या पाटीसमोर थांबतात, उद्घोषणा करणारी बाई अजून ते नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आदराने घेते, आणि उतरणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगरख्याला रुईचा एक तंतू चिकटलेला नसतो.

इमारतीसमोर उभे राहून मी पिशवीतून बोंडे काढली. हेतू शुद्ध होता. आपला माल जेथे उतरत असे तेथे एकदा त्याला नेऊन उभा करावा, एवढेच. इतक्यात पहारेकरी धावत आला.

"शूटिंग आहे काय? परवानगी दाखवा."

"शूटिंग नाई. कापूस हाये."

त्याने बोंड हातात घेतले, उलटसुलट केले, आणि ते परत देताना सक्त ताकीद दिली, "इथं ठेवू नका. इथं काही ठेवायचं नाही." ज्या जागेत लाखो गाठी रचल्या गेल्या, तेथे चार बोंडे ठेवण्यास मनाई झालेला मी बहुधा वऱ्हाडातला पहिलाच मनुष्य.

पुढचे स्थानक शिवडी. तेथील खाडीच्या चिखलात हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी उतरतात, गुलाबी, उंच, आणि अत्यंत खानदानी चेहऱ्याचे. तेलाच्या टाक्या, मोडकी जहाजे, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला, समुद्रावरून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू, या सगळ्यांच्या मधोमध माना खाली घालून ते चिखलात चोच घुसळत असतात. मला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. इतक्या लांबून मुंबईला येऊन हे पाहुणे गेटवेला जात नाहीत, मरीन ड्राइव्हवर बसत नाहीत. आपले काम कोठे आहे ते त्यांना पक्के ठाऊक असते आणि ते थेट शिवडीच्या चिखलात उतरतात. शहर पाहण्याची हीच पद्धत मला प्रशस्त वाटते. त्या शहराकडे आपले काही येणे असावे, आणि त्या येण्याचा माग काढीत फिरावे; मग जे दिसेल ते कोणत्याही फेरिस्तीत नसते आणि ते पाहिल्याचा दाखलाही कोणी मागत नाही.

शिवडीतच ख्रिस्ती लोकांचे जुने कबरस्तान आहे, आणि तेथे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा स्थापत्यकार १९०० सालापासून विश्रांती घेत आहे. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे खपून त्याने बोरीबंदरचे ते स्थानक उभे केले, ज्याच्यासमोर रस्त्याच्या मधोमध उभे राहून लोक छायाचित्रे काढतात आणि पोलिसांच्या शिव्या खातात. इमारत पाहावयास सारे जग येते. ज्याने ती बांधली त्याला एक मनुष्य जाऊन भेटला, तर काय बिघडले? फाटकावरील वृद्ध गृहस्थाने माझ्यापुढे एक वही सरकवली. नाव, गाव, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'मयताशी नाते'. आता, वहीतला एकही रकाना कोरा सोडू नये, ही शिस्त मी चाळीस तलाठ्यांना लावलेली. पुष्कळ विचार केला, आणि लिहिले, 'उतारू'. त्या गृहस्थाने चष्मा वर करून ते वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि सहानुभूतीने विचारले, "लांबचे का?" मी म्हणालो, "घाटंजीचा."

गिरणगावाविषयी मला फार लिहावयाचे नाही, कारण त्याविषयी ज्यांना लिहिण्याचा हक्क होता त्यांनी लिहून ठेवले आहे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीचा घाट घातला, आणि तेव्हापासून आमचा कापूस विलायतेस न जाता वाटेत लालबाग-परळलाच अडकू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. म्हणजे कचेरीच्या हिशेबाने ते प्रकरण अद्याप प्रलंबित आहे. ज्यांचे प्रकरण ते गावी गेले. ज्या जागेवर प्रकरण घडले तेथे काचेच्या इमारती आल्या. आणि त्यांतल्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, माझा पुतण्या बसतो. लालबागेत मसाल्याच्या गल्लीतून जाताना डंकांचा आवाज ऐकला, मिरचीच्या खकाण्याने पाच-सहा शिंका दिल्या, आणि कोणीही वळून पाहिले नाही. तेथे शिंकणे हे खरेदीदाराचे लक्षण समजतात.

लोअर परळला पुतण्याने मला जेवणाच्या सुटीत फिनिक्स मिलच्या आवारातील मॉल दाखवला. १९०५ साली ही गिरणी निघाली, आणि तिचे धुराडे अजून त्या झगमगाटात उभे आहे. पुतण्या गेली कित्येक वर्षे रोज त्याच्याकडे पाहत आला आहे.

"हे धुराडं होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, डिझाइन आहे."

आत एका दुकानात पांढरा सदरा टांगलेला होता. किंमत २,९९९ रुपये. चिठ्ठीवर लिहिले होते की हा शंभर टक्के कापूस आहे. मला साहजिकच गहिवरून आले, आणि मी तेथील तरुणाला विचारले की कापूस कोठला.

"सर, इजिप्शियन."

"घाटंजीचा नाई का?"

त्याने क्षणभर आठवून पाहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "सॉरी सर, तो ब्रँड आम्ही ठेवत नाही."

बाहेर बाकावर बसून मी हिशेब मांडला. एका क्विंटल कापसातून सरकी जाऊन चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. सदऱ्याचे वजन पाव किलो धरले आणि वाटेतली तूटफूट वजा केली, तरी क्विंटलमागे सव्वाशे सदरे कोठे गेले नाहीत. २०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ठरवला तो क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे तीन सदरे विकले की आमचे क्विंटल वसूल होऊन वर चौदाशे-पंधराशे रुपये शिल्लक राहतात. उरलेल्या एकशे बावीस सदऱ्यांचा जमाखर्च कोणत्या खाती पडतो, हे विचारावयास मी परत आत जाऊ पाहत होतो. परंतु पुतण्याने माझा दंड धरला. "काकाजी, त्या पोराचा पगार किती असेल?" तो हळूच म्हणाला. हा मुद्दा हिशेबात धरावयास हवा होता, हे खरे. मी तो समासात नोंदवून घेतला.

काळबादेवीकडे मी गेलो तो मात्र शुद्ध कुतूहलाने. मुळजी जेठा मार्केटात, जेथे १८७४ पासून कापड विकले जाते, कापसाचे पुढचे आयुष्य पाहावे, आणि शेख मेमन रस्त्यावरील कापूस बाजाराच्या उंच इमारतीखाली घटकाभर उभे राहावे. कापसावर मुंबईचे पहिले वेड १८६१ ते १८६५ या काळात भरले. अमेरिकेतील लढाई थांबली आणि त्या वेडाबरोबर कितीएक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांनी चढत्या काळात दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्याच्यावरून एवढे कळते की पैसा बुडण्यापूर्वी आईच्या नावे करून ठेवणे शहाणपणाचे. परंतु दुसरे वेड मला अधिक जवळचे वाटले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, याची तार मुंबईस येई, आणि त्या दोन आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी तो प्रकार थांबला, तेव्हा जमलेल्या मंडळींची गैरसोय होऊ नये म्हणून काही उद्योगी माणसांनी कागदाच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडे काढावयास सुरुवात केली. त्या मडक्याची कीर्ती घाटंजीपर्यंत यावयास 'शकुंतले'ची गरज पडली नाही.

आता पाहा. आमच्याकडे ज्याच्या शेतात कापूस पिकत असे, तोच मनुष्य संध्याकाळी पानठेल्यामागे जाऊन 'ओपन'ला किती आले आणि 'क्लोज'ला किती येईल, याचा विचार करीत भिंतीला टेकून बसे. आणि ही 'ओपन-क्लोज' म्हणजे त्याच्याच कापसाच्या न्यूयॉर्कमधील भावाचे अवशेष आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दिवसा त्याने गाठी धाडल्या, रात्री त्याच वाटेने आकडा परत आला. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असावी, असे जे म्हणतात, त्यांचे या उदाहरणाने समाधान व्हावे.

एवढे झाल्यावर घरच्यांचा मान राखणे प्राप्त होते. रविवारी आम्ही सहकुटुंब राणीच्या बागेत गेलो. सूनबाई आणि तिसरीतली नात पेंग्विनांच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्या पक्ष्यांना येथे वातानुकूलित काचघर मिळाले आहे, असे रांगेतल्या प्रत्येकाने घाम पुसत एकमेकांना सांगितले. मी तेवढ्यात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळलो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती तेथे बाहेर उभा आहे. १८६४ साली साहेबाला तो विलायतेस नेण्याची इच्छा झाली; उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले; ते तुकडे मुंबईत आणून १९१४ पर्यंत पुन्हा जोडले गेले. म्हणजे एलिफंटा पाहावयास बोटीने तासभर जाणाऱ्यांचा हत्ती भायखळ्याला आहे, आणि हे मी सूनबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी बोटीच्या तिकिटांचे पैसे वाचल्याचा हिशेब तत्काळ केला. कोकणच्या माणसाची ही एक गोष्ट मला आवडते. जवळच १९६५ साली शहराच्या चौकांतून उठवून आणलेले राजे आणि लाटसाहेब झाडांखाली उभे आहेत. त्यांत काळ्या घोड्यावरील सातवे एडवर्डही आहेत. एके काळी ज्यांच्या नजरेसमोर उभे राहावयास आमच्या मामलेदारांचे पाय कापत, ते आता प्राण्यांच्या शेजारी, त्यांच्याच तिकिटात, मोफत पाहावयास मिळतात. मी सवयीने नमस्कार केला. पेन्शन त्यांच्याच काळच्या नियमांवर बेतलेले आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री नातीने मला गाठले. शाळेत 'वनस्पतींपासून मिळणाऱ्या वस्तू' असा प्रकल्प होता. मैत्रिणी डिंक, रबर आणि लवंगा नेणार होत्या.

"आजोबा, तुमच्या पिशवीत ते पांढरं काय आहे?"

मी एक बोंड तिच्या हातावर ठेवले. तिने ते नाकाला लावले, गालाला लावले, मग बोटांनी चाचपून पाहिले. "आत दगड आहेत," ती म्हणाली.

"सरकी हाये ते बाई."

"कापूस झाडावर असा येतो? मेडिकलमध्ये तर असा नसतो."

माझे उत्तर तिने नीट ऐकून घेतले. सीतादहीच्या पूजेपासून वेचणीपर्यंत, बैलगाडीपासून बाजार समितीच्या काट्यापर्यंत. तिच्या आईने दोन वेळा दिवा मालवला आणि आम्ही दोन वेळा लावला. सकाळी पुठ्ठ्यावर बोंड चिकटवून, खाली 'कापूस, घाटंजी, जि. यवतमाळ' असे वळणदार अक्षरांत लिहून ती शाळेत गेली.

गाडी रात्रीची होती. संध्याकाळी नात परत आली आणि तिने वही माझ्यासमोर उघडून धरली. प्रकल्पाला दहापैकी सात गुण होते आणि बाजूला लाल शाईत बाईंचा शेरा होता, 'कापूस चांगला आहे; पण बिया काढून, स्वच्छ करून आणायला हवा होता.'

घाटंजीत कापसातून बिया काढून तो स्वच्छ करण्यासाठी जिनिंगचे कारखाने आहेत, प्रेस आहेत, हमाल आहेत, मापारी आहेत, अडते आहेत, हंगामात रात्रभर जळणारे दिवे आहेत. मी बंडीच्या खिशातून पेन काढले, आणि लाल शेऱ्याखाली, समास सोडून, कचेरीच्या वळणाने लिहिले:

'शेरा वाचला. सरकी काढण्याचे काम मौजे घाटंजी येथील जिनकडे वर्ग करण्यात येत आहे. पूर्तता पुढील हंगामात सादर होईल. तूर्त तीन गुणांची बाकी कायम ठेवावी, ही विनंती.'